सर गेले, आप्पाही गेले

जळगाव, रविवार रात्र

प्रिय मित्रा,

फोनवर तुला नीट काही सांगता आलं नाही म्हणून लिहायला बसलोय. तू दोनदा विचारलंस "कसं झालं रे" आणि मी दोन्ही वेळा नुसतं "गेले यार" म्हणालो, कारण नेरी नाक्याच्या स्मशानात अख्खं डिपार्टमेंट उभं होतं आणि मला बोलणंच होत नव्हतं.

आपले बॉटनीचे सर एका बुधवारी पहाटे गेले. रोजच्यासारखे कॅम्पसमध्ये फिरायला निघाले, लायब्ररीच्या पायरीवर जरा बसले ते बसलेच, हार्ट अटॅक. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली होती. आणि त्यांच्या गंधमुक्तीच्या विधीच्या आदल्या दिवशी परीक्षा विभागातले आप्पा गेले. आप्पा वर्षभर डायलिसिसवर होते हे तुला माहीतच आहे, पण डायलिसिसचा दिवस सोडून माणूस ऑफिसला येत होता रे, त्यामुळे आम्ही सगळे धरूनच चाललो होतो की आप्पा आहेत. बारा दिवसांत दोन वेळा नेरी नाका. दुसऱ्या वेळी कोणी कोणाशी बोललं नाही.

शोकसभा दोघांची एकत्रच झाली. ठराव वाचला, दोन मिनिटं मौन झालं, भाषणं झाली, "कधीही न भरून येणारी हानी" वगैरे. मला राग नाही आला, माणसं मनापासूनच बोलत होती, पण त्या वाक्यांत ना सर होते ना आप्पा. आप्पा दिसले ते शेवटी. मागच्या दाराशी चपला काढून एक जण उभा होता, आता धडगावकडे शाळेत मास्तर आहे. त्याला बोला म्हटलं तर तो एवढंच म्हणाला की मी मार्कशीटवरचं नाव दुरुस्त करायला आलो तेव्हा गाडी वाटेत बंद पडली, पोचलो तेव्हा साडेसात वाजले होते आणि खिडकी उघडी होती. बस, आणि खाली बसला.

ती खिडकी का उघडी राहायची ते आप्पांनी मला एकदा सांगितलं होतं. 1990 ला आपलं विद्यापीठ झालं, 15 ऑगस्टला, त्याच्या आधी आपल्याकडची कॉलेजं पुणे विद्यापीठात होती. आप्पांचा मोठा भाऊ एका सर्टिफिकेटसाठी पुण्याला गेला, दोन रात्री एसटी स्टँडवर झोपला, घरून नेलेल्या कळण्याच्या भाकरी पुरवून पुरवून खाल्ल्या. पुढच्या वर्षी आप्पा इथे रोजंदारीवर लागले तेव्हा या बांभोरीच्या माळावर सावलीला झाड नव्हतं. म्हणायचे, नंदुरबारचं पोरगं रिकाम्या हाताने गेलं तर मग विद्यापीठ जवळ आणून उपयोग काय. आणि खिडकीवर कोणीही आलं की आधी "जेवना का रे भाऊ?", कागद नंतर. आता विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे, पण आप्पा शेवटपर्यंत उमविच, म्हणजे जुनं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठच, म्हणत राहिले.

सरांचं लिहायला मला जड जातंय, तूही समजून घेशील. दसऱ्याला लोक अंजनाची पानं आपटा म्हणून आणायचे आणि सर प्रत्येकाला थांबवून दाखवायचे, की आपट्याचं पान एकच असतं, वरून चिरलेलं, आणि अंजनाची दोन असतात, देठाशी जोडलेली. यावलच्या जंगलात अंजनाची कोवळी लाल पालवी बघून ते गाडी थांबवायला लावायचे तेव्हा आपण मागे बसून वैतागायचो, भूक लागलेली असायची. आता मी पोरांना घेऊन जातो तेव्हा मीच गाडी थांबवतो.

लॅबमध्ये झाडं प्रेस करायला जुने पेपर लागतात ना, तो गठ्ठा सरांच्या टेबलाखाली असतो. परवा पोरं कागद बदलत होती, पहिले काही दिवस रोज बदलावे लागतात नाहीतर बुरशी धरते. तर एका पोरीच्या हातात सरांच्या फोटोचा पेपर आला, निधनाच्या बातमीचा. ती तशीच उभी राहिली. कोणीतरी म्हणालं बाजूला ठेव. मी तो घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि बाहेर जाऊन गिरणेकडे बघत बसलो बराच वेळ. उन्हाळा आहे, पात्रात पाणी नाही, नुसती वाळू.

मग कालपासून सरांचं कपाट लावायला घेतलं. वाळवलेली झाडं चिकटवलेल्या, पण नाव न लिहिलेल्या एकेचाळीस शीट्स निघाल्या. सर घाईने नाव लिहीत नसत, खात्री नसेल तर शीट वर्षानुवर्षं तशीच. त्यातली एक आपल्या तोरणमाळच्या ट्रिपची आहे, पेपरवरच्या तारखेवरून कळलं. सरांनी पेन्सिलने फक्त "सीताखाई, ओढ्याची डावी बाजू" लिहिलंय. मला आठवतं की तिथे एका पावरा आदिवासी म्हाताऱ्या बाबांनी त्या झाडाचं नाव सांगितलं होतं, पाला गुडघ्याला बांधतात असंही काहीतरी म्हणाले होते, सरांनी ते डायरीत लिहून घेतलं आणि ती डायरी काही सापडत नाहीये. प्रेस तुझ्या खांद्यावर होता, बाबांच्या शेजारी तू उभा होतास, मी खाली पाण्यात होतो.

तुला ते नाव आठवतं का? पूर्ण नसेल तर पहिलं अक्षर तरी. फोटो पाठवतोय, पानं आता काळपट झालीत पण शिरा स्पष्ट आहेत. आठवलं तर रात्री कितीही वाजता फोन कर. लेबल कोरंच ठेवलंय मी.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच