साइड रूमची खिडकी

जळगाव, मे महिना

प्रिय मैत्रिणी,

तुझा मेसेज तीनदा ऐकला पण नाईट संपेपर्यंत लिहायला जमलंच नाही. विचारलंस ना टीबीचा पेशंट वेगळा कसा ठेवता, तर ऐक.

आमच्याकडे निगेटिव्ह प्रेशरची रूम, म्हणजे आतली हवा वॉर्डात न येऊ देता बाहेर ओढून टाकणारी खोली, नाहीये, कोपऱ्यातली साइड रूम आहे, समोरासमोर दोन खिडक्या. मागे तापीकाठची एक आजी आली, थुंकीत टीबी निघाला, तिथे हलवली तर रडायलाच लागली, "माले वाळीत टाकं का व माय?" पोटात कालवलं गं. मग जवळ बसून सांगितलं की आजी, खोकल्यातले कण लई बारीक असतात, तासन्‌तास हवेत राहतात, आणि तुझ्या शेजारच्या खाटेवर किमोवाली बाई होती, तिला झेपणार नाही. तेव्हा कुठे शांत झाली.

पण खरी पंचाईत उन्हाची. बाहेर ४४-४५, मुलगा घरून कूलर घेऊन आला, खोलीत ठेवला आणि दोन्ही खिडक्या लावून टाकल्या! आत ठेवलेला कूलर तीच हवा फिरवत बसतो. मी तो खिडकीबाहेर लावून घेतला, समोरची खिडकी सताड उघडी, वॉर्डाकडचं दार बंद. डब्ल्यूएचओ म्हणतं अशा खोलीत एका पेशंटमागे सेकंदाला १६० लिटर हवा खेळायला हवी, ते मोजायला आपल्याकडे काय आहे, मी उदबत्ती धरते आणि धूर खिडकीतून बाहेर जातो की दाराकडे येतो ते बघते. दाराकडे आला की परत सगळं हलवायचं.

मास्कचं पण सगळे उलटं करतात. खरं तर पेशंटला साधा, म्हणजे खोकल्याचे थेंब तिथेच अडतात, आणि आत जाणाऱ्याला एन-९५, नाकावरची पट्टी दाबून, कडेने हवा शिरत नाही ना बघून. आधीच्या नोकरीत आम्हाला साध्या मास्कवरच आत पाठवायचे, अजून राग येतो.

आणि सुनेने आजीचं ताट-वाटी वेगळी काढली, त्यावर मात्र मी भांडले. टीबी भांड्यांतून पसरत नाही, साबणाने धुतलं की झालं. दुसऱ्या दिवशी तिने घरच्या नेहमीच्याच डब्यातून कळण्याची भाकरी दिली, आजी पोटभर जेवली.

हो, तुझा तो सी-डिफचा, म्हणजे आतड्यातल्या त्या जंतूचा, जुलाबवाला पेशंट, तिथे सॅनिटायझरवर राहू नको, त्या जंतूचे स्पोअर, म्हणजे कवचातली चिवट रूपं, त्याने मरत नाहीत, साबण-पाण्यानेच हात धू. आणि एन-९५ खोलीबाहेर येऊन दार लावल्यावरच काढतेस ना अजून?

तुझीच,
मैत्रीण