फ्युजनला नावं ठेवण्याआधी रेकॉर्डवरची नावं वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जॅझ-फ्युजनवर (म्हणजे जॅझची रॉकशी किंवा आपल्या रागसंगीताशी घातलेली सांगड) जो लेख आला तो दोनदा वाचला आणि राहवेना म्हणून लिहितोय. लेखाचा सूर असा की फ्युजन म्हणजे आपल्या शास्त्रीय कलाकारांनी परदेशात कार्यक्रम मिळावेत म्हणून केलेली तडजोड, त्यात जॅझही धड नाही आणि रागही धड नाही. मत असू शकतं एखाद्याचं, त्याबद्दल भांडण नाही. पण अख्ख्या लेखात एकाही रेकॉर्डचं नाव नाही, कोण वाजवतंय त्याचं नाव नाही, मग हे मत कशावरून बनवलं ते तरी कळायला हवं ना?

मागे रिदम मशीन चालू, पुढे बासरीवाला यमन वाजवतोय, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असलं फ्युजन मीही ऐकलंय आणि मलाही ते आवडत नाही. पण तेवढ्यावरून सगळ्याला झोडपणं म्हणजे लग्नातला बँड ऐकून सनईबद्दल मत बनवण्यासारखं झालं.

सुरुवात अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'इन अ सायलेंट वे' या रेकॉर्डपासून करावी असं माझं ठाम मत आहे. 18 फेब्रुवारी 1969, न्यूयॉर्क, एका दिवसाचं सेशन. एका खोलीत तीन कीबोर्डवाले, हर्बी हॅनकॉक, चिक कोरिया आणि जो झाविनुल, तिघंही पुढे आपापल्या नावाने मोठे झाले, पण इथे कोणी कोणाच्या पायात पाय घालत नाही. झाविनुलने जी चाल आणली होती त्यात भरपूर कॉर्ड्स होत्या, माइल्सने त्या जवळजवळ सगळ्या काढून टाकल्या आणि चाल एका खर्जाच्या स्वरावर ठेवली, म्हणजे आपल्याकडे तंबोऱ्यावर आलाप चालतो तसंच. आणि ड्रमर टोनी विल्यम्स, वय वर्षं 23, त्या काळातला सगळ्यात धडाकेबाज हात, तो पहिल्या बाजूला जवळपास 18 मिनिटं फक्त हाय-हॅटवर (पायाने उघडझाप करायची झांजांची जोडी) बारीक ठेका धरून बसलाय. बाकी कशाला हात लावत नाही! दुसऱ्या बाजूला शेवटाकडे एकदाच तो सुटतो, स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमवर येतो, आणि मग थोड्याच वेळात परत शांत. तो क्षण हेडफोन लावून ऐका, इतका वेळ हात आवरून धरल्याशिवाय त्या फटक्यांना ते वजन आलंच नसतं.

या रेकॉर्डवर प्युअर जॅझवाल्यांचा आक्षेप असतो की निर्माता टिओ मासेरोने टेप कापून जोडलीय, सुरुवातीचा तुकडा तसाच्या तसा शेवटी परत चिकटवलाय. चिकटवलाय, खरंय. पण मधलं सगळं ऐकून झाल्यावर तीच चाल, तीच टेप, परत येते तेव्हा ती पहिल्यासारखी लागत नाही, ख्यालात अंतरा फिरून मुखडा परत आला की तो जसा वेगळा वाटतो तसंच आहे हे. मासेरोला ते कळलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तीन दिवसांत माइल्सचीच 'बिचेस ब्रू' रेकॉर्ड झाली आणि सगळे तिचंच नाव घेतात, मोठी रेकॉर्ड आहे वादच नाही, पण नवीन माणसाच्या हातात ती आधी देऊ नये, तो परत जॅझच्या वाटेला जायचा नाही.

आता तडजोडीचा मुद्दा. जॉन मॅक्लॉक्लिन, 'सायलेंट वे' वरचा तोच गिटारवाला, त्याने 1971 मध्ये महाविष्णू ऑर्केस्ट्रा काढला, दोन गळ्यांची इलेक्ट्रिक गिटार, बिली कॉबमचे ड्रम्स, रॉकवाल्यांनी डोक्यावर घेतलेला बँड. 'बर्ड्स ऑफ फायर' चा 18 मात्रांचा हिशोब बोटांवर मोजत ऐकायला अजूनही मजा येते (अर्थात सलग दोन बाजू ऐकल्या की कान दमतात हे पण खरं). तर हे सगळं यश, तो आवाज, ती गर्दी बाजूला ठेवून हा माणूस अकूस्टिक गिटार घेऊन, मांडी घालून, एल. शंकर यांचं व्हायोलिन, विक्कू विनायकराम यांचं घटम, रामनाद राघवन यांचं मृदंग आणि 24 वर्षांच्या झाकीरभाईंचा तबला यांच्यात येऊन बसला. आता सांगा, बाजारासाठी तडजोड कोणी केली आणि कोणी बाजार सोडला? या नव्या बँडचं नाव 'शक्ती'. त्याची पहिली रेकॉर्ड 5 जुलै 1975 ला न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडच्या एका कॉलेजात प्रेक्षकांसमोर रेकॉर्ड झाली, 1976 ला बाजारात आली. फक्त तीन चिजा. पहिली 'जॉय' 18 मिनिटांची, शेवटची जवळजवळ अर्ध्या तासाची. 'जॉय' मध्ये गिटार आणि व्हायोलिन एकच तान एकाच दमात घेतात, इतकी जलद की दोन वाद्यं आहेत हे विसरायला होतं, आणि खाली उत्तरेचा तबला आणि दक्षिणेचं घटम-मृदंग एकमेकांचे बोल उचलतायत. हिंदुस्थानी आणि कर्नाटक तालवाद्यं एकत्र बसणं हीच त्या काळी केवढी मोठी गोष्ट होती. लेखात म्हटलंय राग धड नाही, ठीक आहे, मैफलीसारखी रागाची मांडणी इथे नाहीच, पण लय? लयीत एक मात्रा इकडची तिकडे झालेली दाखवा.

'शक्ती' चीच 1977 ची 'नॅचरल एलिमेंट्स' मला तेवढी आवडत नाही, तुकडे छोटे, सगळं घासून पुसून गुळगुळीत, कार्यक्रमातला घाम त्यात नाही. हेच मला झाविनुलच्या 'वेदर रिपोर्ट' या बँडच्या 'हेवी वेदर' बद्दल वाटतं, जॅको पास्टोरियसचा बास ऐकावा तितका कमीच आणि त्यातलं 'बर्डलँड' सगळ्यांना आवडतं, मलाही आवडतं, पण मोकळा श्वास घ्यायला जागाच ठेवली नाहीये हो. याच्या उलट 'मेकिंग म्युझिक', झाकीरभाई, हरिप्रसादजी, मॅक्लॉक्लिन आणि नॉर्वेचा सॅक्सोफोनवाला यान गार्बारेक, 1986 च्या डिसेंबरात ऑस्लोला रेकॉर्ड झालेली. बासरी आणि सॅक्सोफोन, दोन्ही फुंकायची वाद्यं, एकाने दुसऱ्याला गिळायला वेळ लागत नाही, पण इथे एक बोलतो तेव्हा दुसरा खरंच थांबतो. माझ्या मते झाकीरभाईंची ही सगळ्यात दुर्लक्षित रेकॉर्ड आहे. 15 डिसेंबर 2024 ला ते गेले तेव्हा सगळीकडे ग्रॅमीची मोजदाद झाली, 'शक्ती' च्या 'धिस मोमेंट' ला 2024 मध्ये मिळाली तेव्हाही तेच. त्या रेकॉर्डवर खंजिरा वाजवणारे सेल्वागणेश हे पहिल्या 'शक्ती' तल्या विक्कूंचे चिरंजीव, म्हणजे एकाच बँडमध्ये बापानंतर मुलगा, पण हे मला तरी कुठल्याही मराठी बातमीत दिसलं नाही.

आणि आपल्या घरातलंच उदाहरण सांगतो. शोभा गुर्टू म्हटलं की ठुमरी, दादरा सगळ्यांना आठवतं. पण त्यांचा मुलगा त्रिलोक गुर्टू, मुंबईत वाढलेला, जगातल्या मोठमोठ्या जॅझवाल्यांबरोबर वाजवलेला, त्याची 1988 ची 'उस्फ्रेट' ही रेकॉर्ड किती मराठी घरांत आहे? त्यात शोभाताई स्वतः गायल्यात आणि त्याच रेकॉर्डवर अमेरिकन जॅझवाला डॉन चेरीचा ट्रम्पेट आहे. शोभाताई ठुमरीची ढब सोडत नाहीत, त्रिलोक आपली तुटक लय सोडत नाही, आणि तरी ते एकत्र उभं राहतं. मॅक्लॉक्लिनबरोबरच्या 1989 च्या लंडनच्या कार्यक्रमाची रेकॉर्डही काढा, हा माणूस तबला, ड्रम, झांजा सगळं भोवती मांडून बसतो आणि वाजती झांज पाण्याच्या बादलीत बुडवतो, आवाज वाकत वाकत खाली येतो, अगदी मींड घेतल्यासारखा.

नावं न छापण्याची आपली सवय तशी जुनीच. सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर, त्यांच्या 1951 च्या 'अलबेला' तल्या ज्या गाण्यांवर आजही पाय थिरकतात त्यात गोव्याच्या चिक चॉकलेटचा ट्रम्पेट आणि त्याचा बँड आहे. गोव्याचे कितीतरी वादक रात्री मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचे, दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत, आणि तबकडीवर नाव यायचं संगीतकाराचं नि गायकाचं. जॅझमध्ये तर कोण कोणाबरोबर वाजवतंय हीच अर्धी गोष्ट असते, ड्रमर बदलला की बँड बदलतो.

म्हणून विनंती एवढीच, पुढच्या वेळी या विषयावर छापाल तेव्हा रेकॉर्डचं नाव, वर्ष आणि सगळ्या वादकांची नावं द्या, साथीदारांसकट. टीका करा, जरूर करा, पण रेकॉर्ड समोर ठेवून करा. आणि जमलं तर गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांच्यावर एक पूर्ण पान द्या. सॅक्सोफोनवर राग बसवण्याचं काम त्यांनी पियानोवादक लुई बँक्स यांच्या बरोबरीने इथेच, आपल्या मुंबईत केलं, ज्या मुंबईत 1978 ला 'जॅझ यात्रा' हा महोत्सव सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी अमेरिकेचा नामांकित सॅक्सोफोनवाला सॉनी रोलिन्स येऊन वाजवून गेला. ते पान आलं तर कापून ठेवीन.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
ठाणे