छायाचित्रासाठी खरी काच फोडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळी क्रीडा शिबिरांच्या जाहिराती सुरू झाल्या की चौकाचौकांतल्या फ्लेक्सवर एक छायाचित्र हमखास दिसते : काच फोडून झेपावणारा खेळाडू आणि त्याच्याभोवती उडालेले तुकडे. यांतली बरीच छायाचित्रे संगणकावर जुळवलेली असतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु काही ठिकाणी त्यासाठी खरोखरच खिडकीची काच फोडली जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

मी पुण्यात खेळांची छायाचित्रे काढतो. काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षण केंद्रात गेलो, तेव्हा काचवाल्याकडून आणलेली ४ मिलिमीटर जाडीची काच लाकडी चौकटीत बसवून तयार होती आणि १७ वर्षांचा एक किकबॉक्सिंगपटू अनवाणी उभा होता. ‘पातळच आहे, सहज फुटेल,’ असे मला सांगण्यात आले. मी हरकत घेतली, पण जितक्या ठामपणे घ्यायला हवी होती तितक्या ठामपणे घेतली नाही. लाथ बसली, काच फुटली, आणि पाय मागे घेताना चौकटीत उरलेल्या टोकाने त्या मुलाची पोटरी उभी चिरली गेली. त्याला नऊ टाके पडले. ते छायाचित्र मी कोणालाही दिलेले नाही.

साध्या काचेचे तुकडे सुरीसारखे लांब होतात, आणि खरा धोका उडणाऱ्या तुकड्यांइतकाच चौकटीत अडकून राहणाऱ्या टोकांचा असतो. अशा काचेचे वजनही थोडे नसते. ४ मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर काच १० किलो भरते. ‘मग टफन्ड काच (तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली काच) वापरा’ असा सल्ला हमखास मिळतो. तिचे बारीक खडे होतात हे खरे, पण ती सहजासहजी फुटत नाही आणि फुटली तर त्या खड्यांनीही कापते. अमेरिकेत १९७९ साली डॅरिल डॉकिन्स या बास्केटबॉलपटूने चेंडू बास्केटमध्ये आदळताना मागचा काचेचा फलक फोडला, तेव्हा काचांचा वर्षाव खेळाडूंवरच झाला होता. पुढे तिथे दाब पडताच खाली वाकणाऱ्या रिंगा आल्या.

चित्रपटांत खोट्या काचेसाठी पूर्वी साखर वापरली जात असे. आता तिथे बहुतेक ठिकाणी कृत्रिम राळेची काच आली आहे, पण एका छायाचित्रापुरती साखरेची काच पुरेशी आहे आणि ती कोणत्याही स्वयंपाकघरात होते. एक फूट लांब-रुंद आणि ५ मिलिमीटर जाड काचेसाठी ६०० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज आणि ३०० मिलिलिटर पाणी लागते. ग्लुकोज बेकरीचे सामान विकणाऱ्या दुकानांत मिळते. पाक साखरू नये म्हणून आपण लिंबू पिळतो, तेच काम इथे ग्लुकोज करते. पाक साखरला की काच दुधी होते. एकतारी, दोनतारी, गोळीबंद या सगळ्या पायऱ्या ओलांडून पाक १५० अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचा. त्या वेळी थंड पाण्यात टाकलेला थेंब कडक होऊन कट्कन मोडतो. १६० अंशांच्या पुढे रंग पिवळसर होऊ लागतो, म्हणून थर्मामीटर हवाच. बुडबुडे विरू द्यावेत, सिलिकॉनच्या मॅटवर पाक सावकाश ओतावा आणि तो आपोआप थंड होऊ द्यावा, फ्रीजमध्ये ठेवू नये. हा पाक अंगावर पडला तर चिकटून राहतो आणि उकळत्या पाण्यापेक्षा खोल भाजतो, त्यामुळे हे काम मुलांवर सोपवू नये.

साखर हवेतला ओलावा ओढते. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये ही काच टिकते, पण मुंबईत किंवा कोकणात, आणि पावसाळ्यात तर कुठेही, तिला थोड्याच वेळात चिकटपणा येतो. अशा वेळी केकच्या सजावटीसाठी मिळणारे आयसोमाल्ट वापरावे. ते ओलावा कमी ओढते आणि अधिक पारदर्शक राहते. काच हवाबंद डब्यात ठेवून अगदी शेवटच्या क्षणी चौकटीत बसवावी.

आता छायाचित्राविषयी. कॅमेऱ्याचे शटर एक सहस्रांश सेकंद उघडे राहिले, तरी सेकंदाला १० मीटर वेगाने येणारा पाय तेवढ्यात एक सेंटिमीटर सरकतो, म्हणजे छायाचित्रात तो पुसट येणार. एक दशसहस्रांश सेकंदाचा फ्लॅश असेल तर हेच अंतर एक मिलिमीटर होते आणि प्रत्येक तुकडा हवेत गोठल्यासारखा दिसतो. मागे काळा पडदा आणि पाठीमागून तिरपा प्रकाश असला की साखरेच्या कडा खऱ्या काचेसारख्या चमकतात. काच एकदाच फुटते, म्हणून रिकाम्या चौकटीतून आधी भरपूर सराव करून घ्यावा आणि तीन-चार काचा तयार ठेवाव्यात. तुकडे हलके असले तरी कडा ओरखडतात. म्हणून पायात बूट हवेत, चेहरा समोर असेल तर डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा. जमीन लगेच कोमट पाण्याने पुसावी, नाहीतर तासाभरात मुंग्या येतात.

त्याच मुलाचे छायाचित्र मी पुढच्या वर्षी साखरेच्या काचेतून काढले. लाथ मारण्याआधी त्याने एक तुकडा हातात घेऊन बोटांनी मोडून पाहिला, आणि मगच तो जागेवर जाऊन उभा राहिला.

शिबिरांच्या आयोजकांनी अशा छायाचित्रांसाठी खरी काच वापरण्यास स्पष्ट मनाई करावी, ही माझी विनंती आहे. आपल्यालाही एक विनंती आहे : वृत्तपत्रात असे छायाचित्र छापताना काच कृत्रिम असल्याचा उल्लेख खालच्या ओळीत अवश्य करावा, कारण ते पाहून घरच्या खिडकीवर प्रयोग करू पाहणारी मुले तीच ओळ वाचतील.

आपला,
एक क्रीडा छायाचित्रकार, पुणे