तळघराला आतून लेप लावण्यापूर्वी : सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, रत्नागिरी.
दि. २१ जुलै २०२५

विषय : तळघराला आतून वॉटरप्रूफिंगचा लेप लावण्याचे काम तूर्त थांबवण्याबाबत

अध्यक्षसाहेब,
स. न. वि. वि.

जिन्याजवळच्या फलकावर नोटीस वाचली. गणपतीच्या आत तळघराच्या चारही भिंतींना आतून लेप, वर रंग, आणि त्यासाठी सदनिकेमागे आठ हजार रुपये. पैशांबद्दल माझी तक्रार नाही, पण काम या पद्धतीने होऊ नये म्हणून लिहिते आहे. ठेकेदाराचा माणूस आला तेव्हा मी खालीच होते. त्याने टॉर्च मारली, टेप लावून भिंती मोजल्या आणि चौरस फुटाचा दर सांगितला. पाणी कुठून येतं हे काही त्याने विचारलं नाही.

नोकरीत बांधकामाशी संबंध आला असल्यामुळे मला गप्प बसवलं नाही. डोंगराकडची आणि रस्त्याकडची अशा दोन्ही भिंतींवर जरा कोरडी जागा बघून प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवला आणि रात्रभर ठेवला. डोंगराकडे थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला धरले होते. रस्त्याकडे आतली बाजू कोरडी आणि थेंब वरून. म्हणजे रस्त्याकडच्या भिंतीतून पाणी येतच नाही. समुद्रावरची दमट हवा गार भिंतीला लागते आणि भिंतीला घाम सुटतो. त्या भिंतीला लेप लावा, न लावा, घाम येणारच. सेक्रेटरीसाहेबांनी सुचवलेला एक्झॉस्ट पंखाही आषाढ-श्रावणात उपयोगाचा नाही, कारण तो बाहेरची तीच ओली हवा आत ओढेल. तो ऑक्टोबरनंतर जरूर चालवावा.

खरं दुखणं डोंगराकडच्या भिंतीचं आहे. भिंत आणि जमीन जिथे मिळते त्या सांध्यातून पाणी येतं, आणि पाऊस उघडल्यावरही दोन-दोन दिवस येत राहतं. गुडघ्याच्या वर पांढरे क्षार फुलले आहेत, अंगठा फिरवला की पिठासारखे हाताला लागतात. त्यांच्यामागे प्लॅस्टर फुगलंय, ठोकलं तर पोकळ वाजतं. आपण ज्याला ‘ओल’ म्हणतो आहोत ते भिंतीमागे साठलेलं पाणी आहे.

ते तिथे साठतं कसं? आपला प्लॉट जांभ्याचा उतार कापून काढलेला. जांभा सच्छिद्र, पाणी त्यातून सरळ खाली उतरतं. बुडाशी चिकणमातीचा थर लागला की आडवं सरकायला लागतं. डोंगराच्या कुशीत पावसाळ्यात झरे फुटतात ते असेच. त्या पाण्याच्या वाटेवर आपण काँक्रीटची भिंत उभी केली. जुने लोक उतारावर गडगे घालत ते चिऱ्यावर चिरा ठेवून, मध्ये सिमेंट नाही. पाणी फटींतून निघून जाई आणि गडगा जागेवर राही. आपल्या बिल्डरनेही भिंतीला पाणी बाहेर पडायला भोकं ठेवली होती, ज्यांना वीप होल म्हणतात. मागच्या रंगकामात ‘घाण पाणी पार्किंगमध्ये येतं’ म्हणून ती सिमेंटने बुजवली गेली. ठराव मिनिट बुकात आहे, पाहून घ्यावा.

त्यात भर आपण घालतो. गच्ची साधारण ४०० चौरस मीटर. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. म्हणजे गच्चीवरून मोसमात निदान १२ लाख लिटर पाणी उतरतं. गच्चीच्या चार पाइपांपैकी तीन मागच्या बाजूला सोडले आहेत आणि ते ज्या गटारात पडतात ते फणसाच्या पानांनी आणि गाळाने भरलंय, तळाला तडा गेलाय. त्या तीन पाइपांचं मिळून नऊ लाख लिटर, दहा हजार लिटरचे नव्वद टँकर झाले हे! मे महिन्यात एका टँकरसाठी फोनवर फोन करणारे आपण, पावसाळ्यात नव्वद टँकर आपल्याच भिंतीमागे ओततो. यंदा २५ मेलाच मोसमी पाऊस कोकणात दाखल झाला. सगळ्यांचीच आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, कामं अर्धवट राहिली, त्यात हे गटारही राहिलं. समजू शकते. पण आता तरी उपसावं.

भिंतीमागे दोन मीटर उंचीचं पाणी उभं राहिलं तर बुडाशी चौरस मीटरला दोन टन दाब येतो. बाहेरून लेप असेल तर हा दाब त्याला भिंतीवर आणखी घट्ट बसवतो. आतून लावलेल्या लेपाला तोच दाब भिंतीपासून ढकलतो. म्हणून आतला लेप दिवाळीपर्यंत छान दिसेल, पुढच्या मृगापासून फुगायला लागेल. आतून चालणारी औषधं नाहीत असं नाही. काँक्रीटच्या छिद्रांत स्फटिक तयार करणारं क्रिस्टलाइन मटेरियल असतं, पण ते उघड्या काँक्रीटवरच काम करतं, प्लॅस्टरवर किंवा जुन्या रंगावर नाही. ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये प्लॅस्टर काढण्याचा शब्दसुद्धा नाही. वाहत्या सांध्यात पीयू (पॉलियुरेथेन) रसायनाचं इंजेक्शन देतात, त्याने तो सांधा बंद होतो, पण मागचं पाणी तसंच राहिलं तर ते दुसरी फट शोधतं. बांधकामाच्या वेळी तळघराला बाहेरून शहाबादी फरशीचं बॉक्स वॉटरप्रूफिंग, म्हणजे तळाखालून आणि सगळ्या भिंतींना बाहेरून पेटीसारखं, केलं असतं तर आज ही वेळ आली नसती. पण इमारत उभी राहिल्यावर आता ते होणे नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं की आधी पाण्याला वाट द्यावी, अडवण्याचा विचार नंतर. गटार उपसून तडा बुजवणं आणि मागचे तिन्ही पाइप जोडपाइपाने पुढच्या गटारापर्यंत नेणं, हे गणपतीच्या आत सहज होईल. प्लंबर आणि दोन गडी पुरे. बुजवलेली भोकंही उघडावीत. हो, पाणी आत येईल. ते भिंतीलगत छोटी नाली करून कोपऱ्यातल्या खड्ड्यात घ्यायचं आणि पंपाने बाहेर टाकायचं. डोळ्यांना दिसणारं पाणी परवडलं. हे केल्यावर याच पावसाळ्यात पुन्हा भिंत पाहावी. गळती किती उतरली त्यावरून पुढचा खर्च ठरेल. कोरड्या भिंतीसमोर बसून एस्टिमेट करण्यापेक्षा ते बरं.

मोठं काम दिवाळीनंतर. मागच्या भिंतीलगत पार्किंगच्या तळाच्या खालपर्यंत चर खणायचा, भिंत बाहेरून साफ करून तिच्यावर लेप द्यायचा, त्याला माती भरताना ओरखडे जाऊ नयेत म्हणून संरक्षक शीट लावायची. चराच्या तळाशी भोकांचा पाइप, त्याभोवती खडी, सगळ्याला जिओटेक्स्टाइल कापड गुंडाळायचं म्हणजे गाळ आत जात नाही. पाइपाला शंभराला एक उतार, तोंड खालच्या अंगाला उघडं. एक गोष्ट मात्र कडक पाळावी लागेल. चर एका दमात पूर्ण लांबी खणायचा नाही. तीन-तीन मीटरचे तुकडे करायचे, एक भरला की पुढचा, आणि इंजिनिअर जागेवर हवा. डोंगर आपल्या अंगावर घ्यायचा नाहीये.

लिफ्टशेजारच्या खांबाबद्दल वेगळं लिहिते, कारण तो लेपाचा विषयच नाही. कोपऱ्यावरचं काँक्रीट निसटून सळई उघडी पडली आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे आतून फुगून काँक्रीट फोडतो, आणि आपल्याकडे खारी हवा त्याला हातभार लावते. त्यावर रंग फासणं म्हणजे पुढच्या तपासणीत तो दिसू नये अशी सोय करणं. स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहून, सैल काँक्रीट काढून, सळई साफ करून, झिजली असेल तिथे जोड देऊनच तो भरला पाहिजे. आपली इमारत पंधरा वर्षांवर गेली. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (मॉडेल बाय-लॉज) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. आपलं एकदाही झालेलं माझ्या पाहण्यात नाही. मीटरच्या बोर्डामागून ओघळ उतरतोय, त्यासाठी मात्र सभेची वाट पाहू नये, परवानाधारक इलेक्ट्रिशियन उद्याच बोलवावा. भूमिगत टाकीची तपासणीही करून घ्यावी. बाहेरचं पाणी आत येत असेल तर प्यायच्या पाण्याचा प्रश्न आहे.

पैशांचं म्हणाल तर दुरुस्ती निधी त्यासाठीच असतो. बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्का असा तो घ्यायचा असतो आणि आपला मुदत ठेवीत पडून आहे. आधी तो वापरावा, कमी पडलं तर वर्गणी. ‘दहा वर्षांची गॅरंटी’ हा कोटेशनमधला शब्द मला पटत नाही. गॅरंटी कशाची, कोण देणार, ओल आली तर किती दिवसांत येऊन काय करणार, हे करारात लिहून घ्यावं, आणि बिलातले दहा टक्के पुढचा एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावेत. ज्याला स्वतःच्या कामाची खात्री आहे तो याला हरकत घेत नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत आहेच. तिच्यात हा विषय घ्यावा, तोवर आठ हजारांची वसुली थांबवावी आणि तीन ठिकाणची कोटेशनं स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या अहवालानंतरच मागवावीत, ही विनंती. त्याआधी समितीतल्या कोणाला भिंत पाहायची असेल तर रविवारी सकाळी दहाला मी खाली असेन. प्लॅस्टिकचे तुकडे अजून लावलेलेच आहेत. कृपया ते कोणी काढू नयेत, असं वॉचमनलाही सांगून ठेवलंय.

कळावे,
आपली,
सभासद, ए विंग, सदनिका क्र. ३

प्रत : सचिव, खजिनदार