उष्णतेपासून वीज: श्रेय टोपोलॉजीचं नाही

मा. संपादक,

आपल्या विज्ञान पुरवणीतला टोपोलॉजिकल पदार्थांवरचा, म्हणजे ज्यांच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनना अंतर्भागापेक्षा वेगळी, सहज न मोडणारी वाट मिळते अशा पदार्थांवरचा लेख वाचला. असा अवघड विषय घेतलात याचा मनापासून आनंद झाला. पण 'यांच्या पृष्ठभागावरून वीज विनाअडथळा वाहते, म्हणूनच ते उष्णतेपासून उत्तम वीज देतात' हे वाक्य चुकीचं आहे.

पीएचडीची पाच वर्षं मी बिस्मथ टेल्युराइड या अशाच एका पदार्थाचा सीबेक गुणांक, म्हणजे तापमानातल्या एका अंशाच्या फरकामागे मिळणारं व्होल्टेज, मोजला आहे. करंगळीच्या नखाहून लहान तुकडा, त्याला सिल्व्हर पेस्टने चिकटवलेल्या केसाएवढ्या तारा, एका टोकाला हीटर. दोन टोकांत एका अंशाचा फरक पाडायचा, तो स्थिरावेपर्यंत वाट बघायची आणि मग व्होल्टेज टिपायचं. चांगल्या तुकड्यावर ते दोनशे मायक्रोव्होल्टच्या आसपास यायचं. पेस्ट जरा पसरली, की दिवस वाया.

हे व्होल्टेज येतं ते तुकड्याच्या अंतर्भागातून. वीज सोडली की थंड करण्याची या पदार्थाची क्षमता, म्हणजे याच परिणामाची उलट बाजू, 1954 मध्येच दाखवली गेली होती. त्याच्या टोपोलॉजिकल पृष्ठभागाचा शोध लागला 2009 मध्ये. दोन्हींचं मूळ मात्र काही अंशी एकच. त्यातले जड अणू उष्णता सहज पुढे जाऊ देत नाहीत, आणि टोपोलॉजिकल पृष्ठभाग ज्यातून येतो ती इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापट्ट्यांची उलटापालटही तेच घडवतात. शिवाय पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनला फक्त थेट उलट फिरायला मनाई असते, बाजूला वळायला नाही. तिथेही रोध असतोच.

आणि समजा, वाट अगदी निर्वेध मिळाली, तरी सीबेक व्होल्टेज वाढत नाही. जास्त ऊर्जेच्या आणि कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनना वेगळी वागणूक मिळाली तरच ते निर्माण होतं. सगळ्यांना सारखंच सोडणाऱ्या वाटेवर ते जवळपास शून्य होतं.

टोपोलॉजीत उष्णतेचं खरं मोल वेगळंच आहे. विद्युतभार नसलेले कण विजेच्या मोजमापात दिसतच नाहीत, पण उष्णता तेही वाहून नेतात. मिताली बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेत, निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, पाच-द्वितीयांश क्वांटम हॉल अवस्थेची (प्रखर चुंबकीय क्षेत्रात पातळ थरातले इलेक्ट्रॉन धरतात त्या एका टोपोलॉजिकल अवस्थेची) उष्णतावाहकता मोजली. ती मूलभूत एककाच्या अडीच पट भरली. हा वरचा अर्धा अशाच विद्युतभार नसलेल्या कणांचा; तो विजेच्या मोजमापातून कधीच हाती लागला नसता. त्या प्रयोगाबद्दल वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

कृपया दुरुस्ती छापावी, आणि या अर्ध्यावर एक स्वतंत्र लेख द्यावा.

आपली,
एक नियमित वाचक