पार्सलमधल्या चहांबद्दल, रमेशला

अमळनेर, जि. जळगाव
१८ जानेवारी

प्रिय रमेश,

सप्रेम नमस्कार.

कोलकात्याहून पाठवलेलं पार्सल सुखरूप पोचलं. एकही पुडी फुटली नाही. फोनवर तू म्हणालास, "कुठला आवडला तेवढं कळव." पण ते एका ओळीत मावणारं नाही. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा रोज थोडं थोडं लिहितोय, त्यामुळे पत्र लांबलं तर वाचून घे.

आमच्याकडे वडिलांपासून सुटा चहा विकला जातो, हे तुला ठाऊकच आहे. मामरी (दाणेदार चहा), बारीक, हॉटेल मिक्स हे सगळं चिमटीत धरून ओळखता येतं. अख्ख्या पानाचा चहा मात्र दुकानात कधी ठेवला नव्हता. मागणीच नव्हती. त्यामुळे तुझ्या पुड्या एकेक करून संपवायच्या नाहीत, दोन दोन शेजारी मांडून प्यायच्या असं ठरवलं. एकटा चहा प्यायला की छान वाटतो आणि आपण विसरून जातो. शेजारी दुसरा असला की जीभ बोलायला लागते. वेलची-केशर तोलायचा छोटा काटा घरी आणला, एकसारखे पांढरे कप काढले, आणि मोबाइलवर वेळ लावून बसलो. तुमच्या कोलकात्यातल्या लिलावाआधी चव बघणारे लोक फार कडक चहा करतात. त्यासाठीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणच १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पान आणि ६ मिनिटं असं आहे. तिथे चहातला दोष उघडा पाडायचा असतो. आपल्याला प्यायचा होता, म्हणून मोठ्या कपाला २ ग्रॅम आणि तीन ते चार मिनिटं ठेवली.

सगळ्यात आधी पाण्याचं सांगतो, कारण खान्देशात पानाच्या चहाची गाडी तिथेच अडते. पहिल्यांदा घरच्या बोअरच्या पाण्यात दार्जिलिंग केला. रंग मातकट आला, वास बसला, आणि वर तेलासारखी पातळ साय धरली. चमच्याने ढकलली की तिचे तुकडे होऊन कपाच्या कडेला चिकटायचे. तेच पान, तेवढंच वजन, फक्त पाणी फिल्टरचं घेतलं, तर कपाचा तळ दिसेल इतका स्वच्छ सोनेरी चहा उतरला. आपलं पाणी जड. त्यातला कॅल्शियम आणि बायकार्बोनेट चहातल्या द्रव्यांना धरतात, हवा लागली की वर ती साय तयार होते. लिंबाचे दोन थेंब पिळले की ती नाहीशी होते, पण मग दार्जिलिंगची चवही लिंबाखाली जाते. ज्याच्याकडे फिल्टर नाही त्याने पाणी चांगलं उकळून झाकून ठेवावं, क्षार तळाला बसू द्यावेत, आणि वरचं निवळलेलं पाणी हलक्या हाताने ओतून परत गरम करावं. एवढ्यानेही बराच फरक पडतो. दूध-साखरेच्या चहात हे सगळं झाकून जातं, म्हणून आपल्या गावात याबद्दल कुणी बोलत नाही.

आता आसाम. तू पाठवलेला पानाचा आसाम आणि दुकानातली मामरी शेजारी ठेवली. दोन्ही त्याच मोठ्या पानाच्या जातीचे, दोन्ही आसामचेच. (१८२३ साली रॉबर्ट ब्रूसला ही झाडं तिथल्या सिंगफो लोकांकडे पाहायला मिळाली. ते लोक आधीपासूनच चहा पीत होते.) फरक पडतो तो तोडणीनंतर. मामरी म्हणजे सीटीसी, क्रश-टेअर-कर्ल. दातेरी रुळांमधून पान चिरडतं, फाटतं आणि त्याची गोळी होते. हे यंत्र १९३०च्या दशकात विल्यम मॅकर्चरने आसाममध्येच काढलं. पान इतकं फुटलेलं असल्याने गरम पाणी लागताच सगळा रंग आणि कडकपणा एका मिनिटात बाहेर येतो. आपला आलं-वेलची-साखरेचा उकळलेला चहा याच दाण्यावर उभा आहे आणि त्याला मी कधीच कमी लेखणार नाही. दुधाशी टक्कर घ्यायची ताकद मामरीतच असते. पण तीच मामरी बिनदुधाची, बिनसाखरेची प्यायली की घशाशी कोरडी पडते आणि पुढे काही सांगत नाही. पानाचा आसाम तिथे वेगळा निघतो. काळ्या पानात सोनेरी टोकं असतात, रंग गडद तांबडा, आणि घोट गिळल्यावर धान्य भाजल्यासारखा गोडसर वास मागे राहतो. चार मिनिटांनीही तोंड आंबत नाही. सुलभाने त्यात दोन चमचे दूध घातलं, तरी तो टिकला. आई तर म्हणाली, "हाऊ च्या बेस शे," आणि दुसरा कप मागून घेतला.

दूध दार्जिलिंगमध्येही घालून पाहिलं. फार वाईट वाटलं. दुधातली प्रथिनं चहातल्या तुरट द्रव्यांना बांधून ठेवतात. आसामकडे तुरटपणा भरपूर असतो, बांधूनही उरतो. दार्जिलिंगकडे असतो तो नाजूक सुवास, तो दुधाच्या वासाखाली दबतो.

दार्जिलिंगचे दोन्ही, म्हणजे फर्स्ट फ्लश (हंगामातली पहिली तोडणी) आणि सेकंड फ्लश (दुसरी), एकदम पाठवलेस हे तुझे फार मोठे उपकार. या दोघांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. झाडं तीच, मळेही जवळपासचे, मध्ये फक्त काही आठवडे, आणि तरी एकाचा दुसऱ्याशी संबंध लागू नये. मार्चच्या आसपास तोडलेल्या फर्स्ट फ्लशचं पान हिरवट आहे, त्यात चंदेरी लव असलेल्या कळ्या. हे पान सुकवतात फार, त्यामुळे आंबवण, म्हणजे पान काळं पडण्याची क्रिया, कमी होते आणि काळा चहा म्हणवला तरी हिरवेपणा राहतो. रंग फिकट पिवळा, वास फुलांचा, आणि जिभेच्या कडेला एक टोचरी झणक. उकळतं पाणी एकदम ओतलं तर ही झणक कडू होते. पाणी मिनिटभर थांबवून ओतलं की बसते.

मे-जूनचा सेकंड फ्लश तांबूस. पान तपकिरी, टोकं कमी. त्याचा वास मी कपातून न पिताच कितीतरी वेळ घेत होतो. पिकलेली द्राक्षं आणि त्याखाली थोडा लाकडाचा वास. याला चहाचे जाणकार मस्कटेल म्हणतात. आणि रमेश, हा वास येतो कशाने? तुडतुड्यांमुळे! आपल्याकडे कपाशीवर तुडतुडे दिसले की शेतकरी पाठीवर पंप घेऊन निघतो. त्याच कुळातला हिरवा तुडतुडा दार्जिलिंगच्या मळ्यात कोवळ्या पानातला रस शोषतो. पान स्वतःला वाचवण्यासाठी सुवासिक द्रव्यं तयार करतं आणि तीच पुढे सुकवताना, वळताना खुलून कपात येतात. इतकी वर्षं तुडतुड्यांच्या औषधांची नावं लोकांच्या तोंडून ऐकत आलोय. तसल्याच किड्याने चावलेलं पान दुनियेत सगळ्यात मानाचं धरलं जातं, हे कळल्यावर दुकानात आलेल्या पातोंड्याच्या एका शेतकऱ्याला मी तो कप मुद्दाम हुंगायला दिला. त्याने दोनदा विचारलं, "खरंच तुडतुडाच ना?"

दार्जिलिंग हा भौगोलिक मानांकन मिळालेला आपल्या देशातला पहिला माल. मानांकनाखाली ८७ मळे येतात. तू जिथून घेतोस तिथे पुडीवर टी बोर्डाचा तो शिक्का आहे का पाहत जा, हातात दोन पानं आणि एक कळी धरलेल्या बाईचा. नुसतं 'दार्जिलिंग' छापायला काही लागत नाही.

निलगिरीच्या चहाबद्दल फार लिहीत नाही. गरम प्यायला तो स्वच्छ, तरतरीत आणि साधा आहे. पण त्याचा एक गुण आपल्या कामाचा. थंड केल्यावर तो गढूळ होत नाही. रात्री थंड पाण्यात पान घालून फ्रीजमध्ये ठेवलं आणि सकाळी गाळलं, तर कडवटपणाचा लवलेश नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो तेव्हा याची मोठी बाटली भरून ठेवणार आहे.

कांगड्याचा हिरवा चहा आईला अजिबात रुचला नाही. "हाई काय शे रे? निस्तं रंगनं पानी!" मला मात्र तिसऱ्या वेळेनंतर गोडी लागली. हिरव्या चहाचं पान तोडल्याबरोबर तापवतात, म्हणजे काळं पडण्याची क्रियाच थांबते, आणि पालेभाजीसारखा ताजेपणा राहतो. याला उकळतं पाणी चालतच नाही. ७५ ते ८० अंश पुरे. आमच्या घरात तापमापक नाही, मी उकळलेलं पाणी एका कपातून दुसऱ्या रिकाम्या कपात, मग तिसऱ्यात ओततो आणि मग पानावर. १९०५च्या भूकंपाने कांगड्याचे मळे उद्ध्वस्त झाले होते. त्यातून सावरून आज तिथला चहा मिळतोय, म्हणून तो जपून पितोय.

सुवासिक चहांबद्दल तू मत विचारलं होतंस. माझं मत कडक आहे. आंबा, चॉकलेट आणि गुलाब अशा तीन पुड्या होत्या. उघडताक्षणी घर भरलं, सुलभा खूश झाली. पहिला कप बरा लागला. त्याच पानावर दुसऱ्यांदा पाणी घातलं तर वास गेलेला आणि खालचा चहा कुठलाच नव्हता, हलक्या प्रतीचा चुरा. दार्जिलिंगच्या पानाने दुसऱ्या पाण्यालाही चव दिली होती. वरून लावलेला अर्क उडून जातो आणि त्याच्या आड स्वस्त पान खपतं, हे पूर्ण समजून विकत घ्यायचं असेल तर घ्यावं.

चमेलीचा चहा त्या पंक्तीतला नाही. दिवसा कळ्या खुडतात, रात्री त्या उमलतात तेव्हा चहाच्या पानात थर लावून ठेवतात, सकाळी फुलं काढून टाकतात, आणि चांगल्या चहाला हे पुन्हा पुन्हा करतात. पान आजूबाजूचा वास ओढून घेतं म्हणून हे जमतं. दुकानदाराला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. आमच्याकडे चहाची पेटी हिंग, अगरबत्ती आणि काळ्या मसाल्यापासून लांब, वेगळ्या फळीवर असते. वडिलांचा तो नियम आजही पाळतो. तू पाठवलेला चमेलीचा कप गार झाला तरी वास देत होता, आणि त्याखालचा हिरवा चहाही वेगळा कळत होता. अर्ल ग्रे याच्या आणि आंब्याच्या मधला. बर्गामोट नावाच्या लिंबाच्या जातीच्या फळाचं तेल असतं त्यात. तुझ्या पुडीतलं पान चांगलं होतं म्हणून जमून गेलं.

आणि तो चिनी धुराचा, लापसांग! पाइनच्या लाकडाच्या धुरावर सुकवलेला. पुडी उघडली आणि सुलभा स्वयंपाकघरातून विचारते, "भरीत लावलंय का कुणी?" अगदी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताना कपड्यांना धरतो तोच वास. सध्या भरिताचे दिवस आहेत, गावात संध्याकाळी गल्लोगल्ली तो वास असतो, त्यामुळे हा चहा घरात सगळ्यांनी आनंदाने प्यायला. आईनेसुद्धा.

स्वतः काही वासाचं घालायचंच असेल तर मला आपला परसच बरा वाटतो. पानाच्या आसाममध्ये गवती चहाची दोन पाती चुरगाळून टाकली, झाकण ठेवलं, चार मिनिटं. त्या तीन पुड्यांपैकी एकही याच्या जवळ येत नाही.

हे सगळं एवढ्या बारकाईने का करतोय तेही सांगतो. दुकानात रोज कुणीतरी सांगतं, डॉक्टरांनी साखर बंद केली, आता चहात राम राहिला नाही. मामरी बिनसाखरेची नकोशी होणारच. अशा माणसाला पानाचा आसाम पाजला तर? गेल्या आठवड्यात एका निवृत्त गुरुजींना पाजला, बिनदूध, बिनसाखर. ते सावकाश प्यायले आणि विचारलं, "पाव किलोचे किती?" सांगायला भाव नव्हता माझ्याकडे. म्हणून मी ठरवलंय की मामरीच्या डब्यांशेजारी एक डबा पानाच्या आसामचा ठेवायचा, आणि येईल त्याला आधी कपभर करून द्यायचा. गल्ल्यामागे शेगडी आहेच, निवळलेल्या पाण्याची कळशी ठेवली की झालं.

तर तुझ्याकडून हवं ते असं. पानाचा आसाम पाच किलोचा काय भावाने पडेल ते चौकशी करून कळव, मध्यम प्रतीचा चालेल, चुरा नको, आणि कुठल्या महिन्याची तोडणी ते विचार. सेकंड फ्लश फक्त घरासाठी, ५० ग्रॅमच्या दोन पुड्या. जमलं तर एकाच मळ्याच्या आणि नव्या हंगामाच्या, म्हणजे जूननंतरच्या. घाई नाही. लापसांगची एक पुडी. आंबा-चॉकलेट पाठवू नकोस. पैसे फोनवरून लगेच टाकतो, नेहमीसारखं "राहू दे रे" करू नको, हा दुकानाचा व्यवहार आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आई विचारते, उन्हाळ्याच्या सुट्टीत येणार की नाही? तिकिटं काढलीस की गाडी कळव, स्टेशनवर घ्यायला येतो.

तुझा,
प्रकाश