नव्या नोकरीत संयुक्त गृहकर्ज: मित्रास पत्र

आर्वी, जिल्हा वर्धा
पोळ्याच्या आधीचा आठवडा

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. जूनमध्ये तू बुटीबोरीच्या कारखान्यात रुजू झालास, पतसंस्थेतील नोकरीत वहिनींना चार वर्षे झाली, आणि हिंगणघाटच्या लेआउटमधले २४ लाखांचे घर तुम्हा दोघांच्या मनात भरले आहे, हे वाचून फार आनंद झाला. मात्र घरमालक आठ दिवसांत इसार, म्हणजे सौदा पक्का करण्याची आगाऊ रक्कम, मागतो आहे आणि तू तो द्यायला निघाला आहेस, हे वाचून काळजी वाटली, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मी जिनिंगमधली नोकरी सोडून सध्याच्या नोकरीत आलो, तेव्हा दुसऱ्याच महिन्यात घरासाठी ५० हजारांचा इसार दिला होता. कर्ज नामंजूर झाल्यास इसार परत मिळेल, एवढे एक वाक्य इसारचिठ्ठीत लिहून घ्यायला हवे होते. ते मी घेतले नाही. प्रोबेशन संपलेले नाही असे सांगून बँकेने अर्ज परत केला, तेव्हा घाबरून महिन्याभरात आणखी दोन बँकांकडे अर्ज केले, आणि त्या सगळ्या चौकशा माझ्या सिबिल अहवालात, म्हणजे कर्जांच्या नोंदींच्या अहवालात, नोंदल्या गेल्या. मालकाने इसार परत दिला नाही तो नाहीच. घरात कापसाचे जे पैसे आले होते, त्यातलीच ती रक्कम होती, आणि आईला ते सांगताना मला शब्द सुचत नव्हते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, नोकरी नवी आहे म्हणून कर्ज मिळणार नाही असे नाही, पण डिसेंबरमध्ये तुझे सहा महिने पूर्ण होऊन कायम झाल्याचे पत्र हाती येईपर्यंत अर्ज करू नकोस. या तीन महिन्यांत तुझी बाजू कागदोपत्री भक्कम होईल. जुन्या आणि नव्या नोकरीचे काम एकाच प्रकारचे, म्हणजे हिशेबाचे आहे, ही तुझ्या बाजूची मोठी गोष्ट आहे, कारण बँक एकाच नोकरीचे महिने मोजून थांबत नाही, एकूण अनुभव आणि त्यातला खंडही पाहते. त्यासाठी जुन्या ठिकाणचे कार्यमुक्तीचे पत्र, दोन्हीकडची नेमणूकपत्रे, पगाराच्या पावत्या, फॉर्म १६ आणि ज्यात पगार जमा होतो त्या खात्याचा उतारा जपून ठेव. भविष्यनिर्वाह निधीचा जुना यूएएन क्रमांकच नव्या ठिकाणी दे, म्हणजे नोकरीची सलगता तिथेही दिसेल.

आता सहअर्जदाराविषयी, म्हणजे कर्जाच्या अर्जात तुझ्याबरोबर कोणाचे नाव असावे याविषयी. तू काकाजींचे नाव सुचवले आहेस, ते मला पटत नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्याने त्याचे विवरणपत्र बहुधा नसते, त्यामुळे सोयाबीन आणि तुरीचे पैसे कितीही खरे असले तरी बँकेला ते कागदावर सहज दिसत नाहीत. शिवाय वयामुळे परतफेडीची मुदत कमी होऊ शकते, आणि पीककर्जाची जुनी थकबाकी असेल तर तीही अहवालात निघते. वहिनींचा पगार मात्र दरमहा खात्यात जमा होतो. तुझ्या पत्रातलेच आकडे मी मांडून पाहिले. बँका किती प्रमाण धरतात ते वेगवेगळे असते, तरी सावधपणे उत्पन्नाच्या ४० टक्क्यांपर्यंतच सगळे हप्ते असावेत असे धरले, तर तुझ्या एकट्याच्या ३४ हजारांवर १३,६०० रुपये होतात; त्यातून मोटारसायकलचे ४ हजार गेले की ९,६०० उरतात, आणि साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी एवढ्या हप्त्यात जेमतेम ११ लाखांचे कर्ज बसते. वहिनींचे २६ हजार मिळवले की ६० हजारांवर २४ हजार होतात, मोटारसायकल वजा जाता २० हजार उरतात, आणि २० लाखांचा सुमारे १७,३५६ रुपयांचा हप्ता त्यात बसतो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम मिळू शकते. तरी २० लाखांवर थांबावे असे मला वाटते. उरलेले ४ लाख, त्यावर मुद्रांक शुल्क आणि २४ हजार नोंदणी फी तुम्हाला स्वतः उभी करावी लागेल. घर एकट्या वहिनींच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, दोघांच्या नावे घेतल्यास ती मिळत नाही. तरीही हप्ता दोघे भरणार असाल तर खरेदीखतात दोघांची नावे असावीत, या मताचा मी आहे.

एक गोष्ट वहिनींना समोर बसवून सांग. सहकर्जदार म्हणजे अर्ध्या कर्जाचा वाटेकरी नव्हे. उद्या एकाचा पगार थांबला तर बँक पूर्ण हप्ता दुसऱ्याकडून मागू शकते, आणि हप्ता चुकला तर सिबिल दोघांचेही बिघडते. यासाठी सहा हप्त्यांएवढी, म्हणजे लाखभर रुपयांची रक्कम बाजूला ठेवल्याशिवाय सही करू नका. आम्ही दुसऱ्या वेळी ती ठेवली होती, आणि बायकोच्या बाळंतपणात तिचा पगार थांबला तेव्हा तीच कामी आली.

या मधल्या महिन्यांत दोघांचेही सिबिल अहवाल काढून पाहा. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. कुणाला तू कधी जामीन राहिला असशील तर तेही त्यात दिसेल. लेआउटचा अकृषिक आदेश (शेतजमीन घरांसाठी वापरण्याची परवानगी) आणि मंजूर नकाशा मालकाकडून आताच मागून घे. ते दाखवायला तो टाळाटाळ करत असेल, तर ते घर मनातून काढून टाक.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मी गावी येणार आहे. सगळे कागद एका पिशवीत घालून घरी ये, वहिनींनाही घेऊन ये. इसारचिठ्ठीचा मसुदा आपण एकत्र वाचू. तोवर मालकाला एक रुपयाही देऊ नकोस. काकाजींना व काकूंना नमस्कार सांग.

तुझा मित्र